एकाच पाइपातलं पेट्रोल

माझा नवरा देवाधर्माचं फारसं करत नाही, पण पेट्रोलच्या बाबतीत तो कर्मठ आहे. इंग्लंडात रीडिंगला राहायला आल्यापासून पेट्रोल भरायचं ते एकाच कंपनीचं, हा त्याचा नेम. आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर सुपरमार्केटचं पेट्रोल स्टेशन आहे. भाजी, दूध, ब्रेड आम्ही तिथूनच आणतो. पण गाडी तिथल्या पंपाकडे कधी वळायची नाही. ती पुढे जायची, एक राउंडअबाउट, दुसरा राउंडअबाउट, वाटेत आणखी एका कंपनीचं स्टेशन मागे टाकायची आणि मग त्याच्या लाडक्या पाटीखाली जाऊन थांबायची. आणि तिथेही साधं पेट्रोल नाही, वरच्या दर्जाचं.

"अरे, पेट्रोल ते पेट्रोल," मी म्हणायचे.

"पाणी ते पाणी म्हणून तू नागपूरला कुठल्याही विहिरीचं प्यायचीस का?"



या कर्मठपणाचं मूळ सांगलीत आहे. त्याच्या लहानपणी बाबा, म्हणजे माझे सासरे, हाकेच्या अंतरावरचा पंप सोडून गावाबाहेरच्या एका पंपावर स्कूटर घेऊन जायचे. जवळच्या पंपावर पेट्रोलमध्ये घासलेट मिसळतात अशी बोलवा होती. लांबच्या पंपावरचा माणूस मात्र "झिरो बघा, साहेब" म्हणायचा आणि बाबांनी मान हलवली की मगच नळी टाकीत घालायचा. नवरा पुढे उभा राहून तो झिरो बघायचा. म्हणजे त्याच्या दृष्टीने पंप निवडणं हा बारीकसारीक विषय नव्हताच. आपल्याला कोण फसवत नाही, हे ओळखण्याचा तो विषय होता.

पुढे त्याने मोटरसायकल घेतली तेव्हा या श्रद्धेला नवं बळ मिळालं. पलीकडच्या रस्त्यावर एक इंग्रज आजोबा राहायचे. गुडघ्यांमुळे त्यांना मोटरसायकल उभी धरवेना, म्हणून त्यांनी ती याला दिली. जुनी, जड, टाकीला गडद हिरवा रंग आणि आवाज असा की खिडकीतल्या काचा थरथरायच्या. किल्ली देताना आजोबांनी बजावलं, "हिला हल्लीचं दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल घालू नकोस. आतली रबरं त्याने खराब होतात. पाच टक्केवालंच घाल." नवऱ्याने ते गुरुमंत्रासारखं ऐकलं. पाच टक्केवालं म्हणजे वरच्या दर्जाचंच. जे मोटरसायकलला चांगलं ते कारला वाईट कसं असेल, असा त्याचा हिशेब. कारला त्याची काडीचीही गरज नव्हती.

मागच्या शरद ऋतूत एका शनिवारी आम्ही हाउन्सलोहून परत येत होतो. डिकीत मेथी, कढीपत्ता, दोन शहाळी. मोटरवेवर असतानाच पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. मी म्हटलं, "सर्व्हिसेसमध्ये थांब, तिथे पंप आहे." तो म्हणाला, "ती आपली कंपनी नाही. घरापर्यंत जाईल आरामात." मोटरवे सोडून आम्ही खाली उतरलो, आणखी एक स्टेशन डाव्या हाताला आलं आणि गेलं. मग गाडीने दोनदा ठसका दिला आणि ती शांत झाली. नशिबाने पुढे लेबाय, म्हणजे गाडी बाजूला लावायची जागा, होती, तिथपर्यंत ती उतारावरून घरंगळली.

त्याने डिकीतून रिकामा कॅन काढला आणि तो चालत निघाला. बारीक पाऊस होता. खूप वेळाने तो परत आला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. त्याच्या हातातल्या पावतीवर लाडक्या कंपनीचं चिन्ह होतं.

"तू मागचं स्टेशन सोडून तिथपर्यंत चालत गेलास?"

"हो."

त्या रात्री मेथी मी एकटीने निवडली नाही, त्यालाही बसवलं.

हे सगळं डोक्यात ताजं होतं, म्हणून पुढच्या गोष्टीचा आनंद मला जरा जास्तच झाला.

मी मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. कुठला ट्रक कुठे, किती वाजता, कुठल्या दाराशी, एवढंच आमचं जग. त्या हिवाळ्यात एका नव्या ग्राहकाचं काम आलं. तो ग्राहक होता इंधनाचा डेपो, म्हणजे जिथून पेट्रोलचे टँकर भरून गावोगावच्या स्टेशनांना जातात ती जागा. आमची प्रणाली तिथे बसवायची होती आणि ऑफिसमधून मला पाठवलं.

डेपो विमानतळापासून फार लांब नव्हता. गेटवरच माझा फोन काढून घेतला, घड्याळसुद्धा. आत ठिणगी पडेल असं काहीही चालत नाही. मला एक जाड निळा पोशाख दिला, त्याच्या बाह्या मी तीनदा दुमडल्या, आणि बूट असे की आत माझे पाय सशासारखे पळत होते. आतमध्ये पांढऱ्या गोल टाक्यांची रांग होती. एकेका टाकीत आमची अख्खी गल्ली मावली असती. आणि कमालीची शांतता. मला वाटलं होतं गोंगाट असेल, आरडाओरडा असेल. तिथे माणसं हळू चालत होती, एखाद्या दवाखान्यात चालावं तशी.

मला जागा दाखवायला तिथली शिफ्ट मॅनेजर आली. वेल्समधली, माझ्याहून थोडी मोठी, केस घट्ट बांधलेले. टँकर जिथे भरतात त्या शेडपाशी आम्ही पोहोचलो आणि मी जागीच थांबले. समोर माझ्या नवऱ्याच्या लाडक्या कंपनीचा टँकर उभा होता. तीच पाटी, तेच रंग. ड्रायव्हरने कार्ड दाखवलं, वरून लोंबणारा नळीचा जाड हात ओढून टँकरच्या पोटाला जोडला. थोड्या वेळाने तो भरून निघाला. त्याच जागी, त्याच हाताखाली पुढचा टँकर येऊन उभा राहिला. तो आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटचा होता.

माझा हात आपोआप खिशाकडे गेला, फोटो काढायला. फोन गेटवर होता.

"पहिल्यांदा येणाऱ्या सगळ्यांचा चेहरा असाच होतो," शिफ्ट मॅनेजर हसली.

"दोघांचं पेट्रोल एकच?"

"साधं पेट्रोल खालून येतं ते एकच. वरच्या दर्जाचं वेगळ्या टाकीत असतं. इथेनॉल इथेच मिसळतो. आणि टँकर भरताना प्रत्येक कंपनीचं आपापलं औषध त्यात पडतं, इंजिन आतून स्वच्छ राहावं म्हणून." तिने बोटाचं पेर दाखवलं. "एवढंसं. त्यावर भांडायचं असेल तर भांडता येतं."

मला कुणाशी भांडायचंय ते मी तिला सांगितलं नाही. मी विचारलं, "खालून म्हणजे?"

तिने पायाखाली बोट दाखवलं. "पाइपलाइन. दक्षिणेच्या किनाऱ्यावर रिफायनरी आहे, तिथून."

"पेट्रोलची?"

"सगळ्याची. पेट्रोल, डिझेल, विमानांचं इंधन. एकाच पाइपातून, एकामागोमाग एक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. एकाच पाइपातून? मग मध्ये काय असतं? एखादा बोळा, दट्ट्या, पडदा?

"काहीच नाही," ती म्हणाली. "एक दुसऱ्याला ढकलत येतं. वेगाने वाहत असलं की सीमेवर थोडंसंच मिसळतं. तेवढा भाग आम्ही बाजूला काढतो." मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बघायचंय? आत्ता डिझेल येतंय. थोड्या वेळात पेट्रोल पोहोचेल."

कंट्रोल रूममध्ये दोघं जण पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर एक आकडा होता, घनतेचा. डिझेल जड, पेट्रोल हलकं, त्यामुळे काय वाहतंय ते आकड्यावरून कळतं. बराच वेळ तो आकडा हलला नाही. कुणी कॉफी पीत होतं, कुणी क्रिकेटविषयी काहीतरी म्हणालं. मग शेवटचा अंक बदलला. पुन्हा बदलला. आकडा उतरायला लागला, आधी चाचपडत, मग सरसर. त्यातल्या एकाने माउसवर हात ठेवला, दुसरा आकडे मोठ्याने वाचत होता, आणि ठरलेल्या जागी आकडा पोहोचताच एक व्हॉल्व्ह बंद होऊन दुसरा उघडला. सीमेवरचं मिश्रण त्याच्या टाकीत गेलं. मग तिसरा उघडला. आकडा नव्या जागी येऊन स्थिर झाला.

"आलं," आकडे वाचणारा म्हणाला आणि त्याने कॉफीचा कप उचलला.

कुठून तरी पन्नासेक मैलांवरून, शेतांखालून, रस्त्यांखालून, नद्यांखालून, डिझेलच्या पाठीला पाठ लावून पेट्रोल आलं होतं, आणि त्या खोलीत कुणालाही त्याचं काही वाटलं नव्हतं. मी मात्र अजून त्या आकड्याकडेच बघत होते.

शिफ्ट मॅनेजर मला नमुने घ्यायच्या जागेपाशी घेऊन गेली. तिने काचेची बाटली नळाखाली धरली, भरली, झाकण लावलं आणि माझ्यासमोर उजेडात धरली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आयुष्यात कधी पेट्रोल पाहिलंच नव्हतं. वास ओळखीचा होता, आकडे पाठ होते, बिलं पाहिली होती. पण नळीतून ते टाकीत जातं, टाकीतून इंजिनात, आणि तिथे संपतं. डोळ्यांना ते कुठेच पडत नाही. बाटलीतलं ते जवळजवळ पाण्यासारखं होतं, किंचित गवताच्या रंगाची झाक असलेलं. तिने बाटली हलवली तेव्हा ते पाण्यापेक्षा चपळपणे काचेवर चढलं आणि उतरलं. मला उगाच वाटलं की ते जागं आहे.

"सुंदर आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. "हो," ती म्हणाली. "मलाही कधीकधी वाटतं तसं."

संध्याकाळी मोटरवेवरून घरी येताना माझ्या पुढे लाल दिव्यांची रांग होती, उजव्या हाताला समोरून येणारी पांढऱ्या दिव्यांची. एरवी मला ती फक्त ट्रॅफिक दिसते. त्या दिवशी मला वाटलं, या प्रत्येक गाडीत ती बाटली आहे.

घरी नवरा पिठलं करत होता. मी बूटही काढले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एखाद्या वकिलासारखी सगळी केस मांडली. तुझा टँकर, सुपरमार्केटचा टँकर, एकच शेड, एकच हात, फरक काय तो आपापल्या औषधाचा. लेबायमध्ये बसलेली मी, कोमेजलेली मेथी, चिखलाची पँट, सगळ्याचा हिशेब आज चुकता होणार होता.

त्याने गॅस बारीक केला. "पण औषध वेगळं ना?"

"बोटाच्या पेराएवढं!"

"वेगळं आहे ना पण?"

"आहे," मला म्हणावं लागलं. मग मी पाइपलाइनचं सांगितलं, डिझेलमागून येणाऱ्या पेट्रोलचं, आणि मध्ये काहीच नसतं हे सांगितलं, आणि तिथे माझा खटला संपला. कारण त्याने हातातला डाव खाली ठेवला.

"काहीच नाही? पडदासुद्धा नाही?"

"नाही."

"आणि मिसळत नाही?"

"थोडंसं. तेवढं काढून घेतात."

"थांब, थांब. परत सांग. पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. तो हरला होता, पण त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. तो डोळे मोठे करून ऐकत होता, मधूनच "काय सांगतेस" म्हणत होता, आकडा उतरल्याचं सांगितलं तेव्हा त्याने श्वास रोखला. माझं जिंकणं कुठल्या कुठे गेलं. पिठलं खालून लागलं आणि आम्ही ते तसंच खाल्लं. जेवताना तो मध्येच म्हणाला, "तो पाइप कुठून येतो, आपल्याला बघता येईल?"

"जमिनीखाली आहे, अरे. काय बघणार?"

पण बघण्यासारखं होतं. एप्रिलमध्ये उघडीप मिळाली तेव्हा एका रविवारी आम्ही मोटरसायकलवरून निघालो, दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने. पाइप जिथून जातो तिथे शेताच्या कडेला छोटे खांब उभे असतात, वर रंगीत टोपी घातलेले, म्हणजे वरून हेलिकॉप्टरमधून तपासणी करणाऱ्यांना दिसावेत. त्यावर पाटी असते, इथे खणण्याआधी फोन करा अशी. काही गुपित नाही त्यात. बेसिंगस्टोक मागे पडल्यावर लहान रस्ते लागले आणि पहिला खांब मला दिसला. मी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. तो थांबला. कुंपणाच्या पलीकडे पुढच्या शेतात दुसरा, त्याच्या पुढच्या टेकडीवर तिसरा.

मला आठवलं, असे खांब मी कितीतरी वेळा पाहिले होते, चालायला गेल्यावर. मला वाटायचं गॅसचं काहीतरी असेल, नाहीतर घोड्यांसाठी काहीतरी.

खांब शोधण्याची मग आम्हाला चटकच लागली. मध्येच ते हरवायचे, मग एखाद्या चर्चच्या मागे पुन्हा सापडायचे. एका ठिकाणी पायवाट खांबाच्या अगदी जवळून जात होती. मोटरसायकल लावून आम्ही आत गेलो. गवत ओलं होतं. नवऱ्याने हेल्मेट काढलं, खांबापाशी गुडघे टेकले आणि सरळ आडवा होऊन जमिनीला कान लावला.

"अरे, काय करतोस? लोक काय म्हणतील?"

"गप्प. ऐकू दे."

नेमकं तेव्हाच शेताच्या टोकाकडून एक बाई आली. हातात बादली, पायात गुडघ्यापर्यंत बूट, मागे कुत्रा. काळ्या कपड्यांतली दोन अनोळखी माणसं, एक पाइपलाइनच्या खांबाशी आडवा पडलेला. आपण कसे दिसत असू हे मला फार स्पष्ट दिसलं.

"काही मदत हवी आहे का?" तिने विचारलं. इंग्लंडमध्ये हा प्रश्न नेहमीच मदतीचा नसतो.

मी घाईघाईने सांगायला लागले. हे माझे पती, आम्ही रीडिंगचे, कामानिमित्त मी हे पाहिलं आणि यांना सांगितलं, आणि यांना विश्वास बसेना. नवरा उठून बसला, गालाला माती. "मॅडम, खाली कधी आवाज येतो का?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

तिने बादली खाली ठेवली. आधी तिचा चेहरा तसाच राहिला, मग ती जोरात हसली. "माझा जन्म इथलाच," ती म्हणाली. "हा पाइप माझ्या वडिलांच्या वेळी घातला. त्याच्यावर झाड लावायचं नाही, खोल नांगरायचं नाही, एवढं आम्हाला माहीत. आत काय जातं याचा मी कधी विचारच केला नाही. तेल जातं म्हणतात."

"आत्ता या घटकेला पेट्रोल असेल," नवरा म्हणाला. "किंवा विमानाचं इंधन. आणि दोघांच्या मध्ये काहीच नसतं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

तिने खांबाकडे पाहिलं. मग म्हणाली, "या, तुम्हाला एक दाखवते."

तिने फाटक उघडलं आणि आम्हाला शेताच्या चढावर नेलं. वर पोहोचल्यावर पलीकडे जंगल होतं, बीचची झाडं, नुकती पालवी फुटलेली. आणि त्या जंगलातून एक मोकळी पट्टी सरळ गेली होती, कंगव्याने भांग पाडावा तशी. पट्टीवर नुसतं गवत. ती खाली उतरत होती, ओढ्यापाशी दिसेनाशी होत होती, पलीकडच्या टेकडीवर पुन्हा चढत होती, बारीक होत होती, आणि त्याच्याही पलीकडे धुक्यात एक निळसर रेष उरली होती. दोन हरणं त्या पट्टीत चरत होती. त्यांच्या पायाखालून अख्खा विमानतळ उडत होता, मोटरवे धावत होता, आणि ती गवत खात होती.

आम्ही तिथेच थांबलो. कुत्रासुद्धा बसला.

"बाप्पा!" शेवटी मी म्हटलं. नागपूरकराला आश्चर्य वाटलं की हाच शब्द येतो.

निरोप घेताना ती बाई म्हणाली, "आता मला रोज तिथे कान लावावासा वाटणार, तुमच्यामुळे."

पुढे एका खेड्यात मोटरसायकलला पेट्रोल भरायची वेळ आली. दोनच पंप असलेलं छोटं स्टेशन होतं, मी कधी ऐकलंही नव्हतं अशा नावाचं. मला वाटलं हा पुढे जाईल. पण त्याने गाडी आत घेतली. पाच टक्केवालं आहे का एवढं पाहिलं आणि भरायला लागला.

"अरे, ही तुझी कंपनी नाही."

"पाइप तर इथूनच जातो ना," तो म्हणाला. त्या खेड्याला पेट्रोल नेमकं कुठून येतं ते मला ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं. मी वाद घातला नाही. त्या दिवसापासून कारसाठी आम्ही जवळचं स्टेशन गाठतो, साधं पेट्रोल भरतो. मात्र सांगलीला फोन झाला की तो बाबांना अजूनही तेच सांगतो, चांगल्याच पंपावरचं भरतो म्हणून. एवढं औषध त्याने राखून ठेवलंय.

दुपारी आम्ही साउदॅम्प्टनच्या खाडीवर पोहोचलो. रिफायनरी पलीकडच्या तीरावर होती. आम्ही अलीकडे, मोठ्या झाडांच्या एका पार्कमध्ये, जिथून उतार थेट गोट्यांच्या किनाऱ्यापर्यंत जातो. रविवार होता. मुलं पाण्यात दगड फेकत होती, आइस्क्रीमच्या व्हॅनसमोर रांग होती. आणि समोर, पाण्याच्या पलीकडे, एक शहरच होतं. चिमण्या, मनोरे, टाक्या, एका चिमणीच्या टोकाला दिवसाढवळ्या जळणारी ज्योत. शहर म्हणावं तर त्यात एकही खिडकी नव्हती.

पाण्याच्या अगदी कडेला बाकावर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर दुर्बीण, शेजारी थर्मास. आम्ही ज्या तऱ्हेने बघत उभे होतो ते पाहून त्यांनी बाकावर जागा करून दिली.

"जहाजं बघायला आलात?" त्यांनी विचारलं.

"पेट्रोल बघायला," नवरा म्हणाला.

त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. त्यांनी धक्क्याला लागलेल्या एका जहाजाकडे बोट केलं आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. "त्याच्या पोटाचा लाल रंग दिसतोय? सकाळी मी आले तेव्हा तो पाण्याखाली होता. माल उपसतायत तसं ते वर येतंय."

मी बघत राहिले. लाल पट्टा खरंच रुंद होता, ओला, चमकणारा. एवढं मोठं लोखंड, आणि ते दिवसभर कणाकणाने पाण्यातून उठत होतं, आणि उठताना दिसत नव्हतं. मी दुर्बीण नवऱ्याला दिली. तो खूप वेळ ती डोळ्यांवरून काढेना.

"कुठून येतं हे?" त्याने विचारलं.

"कुठूनही," आजी म्हणाल्या. "अमेरिकेतून. आफ्रिकेतून. समुद्राच्या तळातून." त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं. "माझी नात म्हणते, हे सगळं थांबायला हवं. तिचं बरोबरच आहे. थांबेलही. पण तोवर मी बघते."

माझ्या मनात त्या बाटलीतलं चपळ पाणी आलं. कुठल्या तरी समुद्रात, माणूस नव्हता तेव्हा, डोळ्यांना न दिसणारे जीव ऊन खाऊन मेले आणि तळाशी साचले. त्यांच्यावर चिखल, चिखलावर दगड, दगडावर काळ. ते आता इथे येऊन पोहोचलं होतं, आणि याच्यावर आम्ही दोघं, पाटीच्या रंगावरून, भांडलो होतो. त्याची लाज वाटली असं नाही. वाटलं ते एवढंच, की आपण कशाच्या इतक्या जवळ राहतो आणि आपल्याला कळतही नाही.

"आलं बघा," आजी म्हणाल्या.

खाडीच्या मुखाकडून दुसरं जहाज येत होतं. भरलेलं. आधी मला ते पाण्यावरची जाड रेघ वाटलं, इतकं खोल बसलं होतं. पुढे त्याला ओढणारं छोटं जहाज, एक टग, मागे तसेच दोन. आवाज अजिबात नाही. ते जवळ आलं तसं मोठं होत गेलं, आणि मोठं व्हायचं थांबेचना. आमच्या समोरून जाताना त्याने पलीकडचा तीर झाकायला सुरुवात केली. आधी टाक्या गेल्या. मग एक चिमणी, मग दुसरी. मग ती ज्योत गेली. थोडा वेळ समोर तीर असा नव्हताच, नुसती काळी भिंत सरकत होती. डेकवर एक माणूस चालत होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

किनाऱ्यावरची मुलं थांबली. आइस्क्रीमच्या रांगेतले लोक वळून बघत होते. एका बापाने मुलीला खांद्यावर घेतलं. नवरा उभा राहिला होता, कधी उभा राहिला ते त्यालाही माहीत नसावं. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकताना लोक उभे राहतात तसा तो उभा होता, हात दोन्ही बाजूंना सुटलेले.

मग जहाजाची शेपटी गेली आणि पलीकडचं सगळं एकेक करून परत आलं, ज्योत, चिमण्या, टाक्या. टग त्याला धक्क्याकडे वळवायला लागले. लोक पुन्हा बोलू लागले.

"चला," आजी म्हणाल्या, "पाय वर घ्या."

मला कळलं नाही. पाणी तर शांत होतं. मग गोट्यांमध्ये सळसळ ऐकू आली. जहाजाने ढकललेलं पाणी आत्ता कुठे काठाला पोहोचत होतं. एक लाट आली, उंच नाही, पण लांबच लांब, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत एकच. तिने गोटे उचलले, खाली ठेवले, आमचे बूट भिजवले आणि मागे सरली. तिच्यामागून दुसरी आली. मुलं ओरडत पळाली आणि पुन्हा पाण्याकडे धावली. आम्ही दोघं तिथेच ओल्या बुटांनी उभे राहिलो, आणखी किती येतात ते बघत.